सोपं करणं आणि छोटं करणं

कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये बऱ्याच वर्षांनी निवांत वाचायला वेळ मिळतोय. पूर्व कमांडचं मुख्यालय ज्या किल्ल्यात आहे तो फोर्ट विल्यम. आता त्याचं नाव विजय दुर्ग, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून ठेवलेलं. किल्ल्याच्या आत इंग्रजांच्या काळातलं सेंट पीटर्स चर्च आहे आणि त्या इमारतीत आज फौजेचं ग्रंथालय आहे. या शहरात आणि पलीकडच्या सेरामपूरमध्ये मराठीचा जो जुना इतिहास पडून आहे, तो वाचताना एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. ख्रिस्ती लोक ज्याला सुवार्ता किंवा शुभवर्तमान म्हणतात, ती चार मुद्द्यांच्या पत्रकात मावते का? मावली, तर ती तीच सुवार्ता राहते का?

मी ख्रिस्ती नाही. सातारा जिल्ह्यातल्या माळकरी घरातला आहे. मग मला या प्रश्नाशी काय देणंघेणं, असं कुणीही विचारेल. उत्तर फौजेतलं आहे. आपल्याकडे जवानांचा जो धर्म, तोच त्यांच्या अधिकाऱ्याचा. ईशान्येकडच्या ख्रिस्ती जवानांची कंपनी मी सांभाळली आहे. रविवारी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये उभा राहिलो आहे, नाताळात त्यांच्या पंगतीला जेवलो आहे. माणूस कशाच्या भरवशावर पहाऱ्याला उभा आहे, हे त्याच्या अधिकाऱ्याला ठाऊक असायला हवं. धर्मांतराचे कायदे आणि राजकारण हा माझा विषय नाही. गणवेशातल्या माणसाने त्यात पडू नये. माझा प्रश्न फक्त प्रामाणिकपणाचा आहे.

आधी या सोप्या पद्धती काय आहेत ते पाहू. १८६६ साली लंडनचे धर्मोपदेशक स्पर्जन यांनी अक्षर नसलेल्या पुस्तकाची कल्पना मांडली. काळं पान पापाचं, लाल पान ख्रिस्ताच्या रक्ताचं, पांढरं पान शुद्धतेचं. पुढे त्यात सोनेरी पान आलं, ते स्वर्गाचं. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बिल ब्राइट यांची चार आध्यात्मिक नियमांची पुस्तिका छापली गेली. देवाचं प्रेम आणि त्याची योजना, माणसाचं पाप, ख्रिस्त हा एकच मार्ग, आणि त्याचा वैयक्तिक स्वीकार असे ते चार नियम. शेवटी एक छोटी प्रार्थना. जगभरातल्या भाषांत तिच्या कोट्यवधी प्रती गेल्या. पुढे अशी कितीतरी पत्रकं निघाली. वाचायला पाच मिनिटं, प्रार्थनेला एक मिनिट, आणि प्रचारकाच्या वहीत एक आकडा वाढला.

या पद्धतींची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याला रंग समजतात. जो मरणाच्या दारात आहे त्याला प्रवचन ऐकायला वेळ नसतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराने एक वाक्य उच्चारलं आणि त्याला तिथेच अभय मिळालं. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने पौलाला तारणाचा मार्ग विचारला, तेव्हा उत्तर एका ओळीचं होतं. म्हणजे थोडक्यात सांगणं हा काही गुन्हा नाही. पण तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट त्या ओळीवर संपत नाही. त्याच रात्री पौल आणि सीला यांनी त्याला व त्याच्या घरच्यांना पुढचं सगळं सांगितलं, त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. पत्रकवाले ती एक ओळ घेतात आणि उरलेली रात्र सोडून देतात.

याच कोलकात्यात एका मराठी बाईला या प्रश्नाचा अनुभव आला होता. १८७८ साली पंडिता रमाबाई इथे आल्या. इथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच सुमारास त्यांना आणि त्यांच्या भावाला ख्रिस्ती मंडळींनी एका सभेला बोलावलं. तिथे लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले, तेव्हा या बहीणभावंडांना वाटलं, हे खुर्च्यांची पूजा करतात की काय! रमाबाईंना संस्कृत बायबल भेट मिळालं. पण त्यातली संस्कृत त्यांच्या ओळखीच्या संस्कृतपेक्षा इतकी वेगळी होती की वाचत बसणं त्यांना वेळ घालवणं वाटलं. १९०७ च्या आपल्या आत्मकथनात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिलं आहे.

पुढे सिल्चरमध्ये लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली आणि त्या वाचत गेल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद चालूच राहिले. पटल्याशिवाय मान डोलावणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळायचा होता. पत्रकाच्या हिशेबात रमाबाई १८८३ सालीच मोजून झाल्या असत्या. त्यांच्या स्वतःच्या हिशेबात खरी गोष्ट पुढे घडायची होती.

आता सेरामपूरकडे वळू. बंगाली लोक त्याला श्रीरामपूर म्हणतात. कोलकात्याच्या वरच्या अंगाला, हुगळीच्या पश्चिम काठावर. विल्यम कॅरी नोव्हेंबर १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून पुढे त्याने डॅनिश लोकांच्या या वसाहतीत बस्तान बसवलं. पहिल्या बंगाली माणसाचा, कृष्ण पाल या सुताराचा, बाप्तिस्मा व्हायला २८ डिसेंबर १८०० उजाडावा लागला. सात वर्षं! त्या वर्षांत कॅरी भाषा शिकला आणि भाषांतर करत राहिला. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश काढला. कोशातले मराठी शब्द मोडीत छापले. मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत १८०५ मध्ये आलं. सेरामपूरची ती मराठी मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पुरेशी वाटली नाही, आणि त्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये नवा करार छापला. एक पुस्तक लोकांच्या भाषेत सांगायला इतकी मेहनत पडते.

मला यात आपल्या मराठीची एक जुनी रीत दिसते. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वर माउलींनी ती मराठीत सोपी केली, तेव्हा सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. सोपं करताना माउलींनी काही कापलं नाही. दाखले दिले, ऐकणाऱ्याच्या शंका आधीच ओळखून त्यांची उत्तरं दिली, त्याच्या शेजारी बसून बोलल्यासारखं सांगितलं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तेच केलं. रायतूरला १६१६ मध्ये छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून तो येशूच्या जन्मापर्यंत येतो आणि मग पुढचं सांगतो. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना त्याने पुराणच दिलं.

रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हेच काम हाती घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झालं. भाषा सोपी, मजकूर मात्र सगळाच्या सगळा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्टही अशीच. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन माणसाने त्यांच्या हातात पुस्तक ठेवलं. भेट तेवढ्या प्रवासापुरतीच. पण दिला तो संपूर्ण नवा करार. टिळक मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, वाचत राहिले, प्रश्न विचारत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लहान पत्रकात जागा कमी असते, हे मी समजू शकतो. पण जागा कमी पडली की सगळ्यात आधी काय गळतं, ते पाहावं. किंमत गळते. आमच्याकडे रंगरूटाचं ट्रेनिंग संपलं की कसम परेड होते. तो आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो की जमिनीवरून, समुद्रातून, हवेतून जिथे पाठवाल तिथे जाईन आणि जिवावर बेतलं तरी हुकूम पाळीन. म्हणजे किंमत शपथेतच सांगितलेली असते, आईवडील समोर बसलेले असताना. भरतीच्या वेळी पगार, कँटीन आणि पेन्शन एवढंच सांगून हे लपवलं असतं, तर तो फसवणुकीचा धंदा झाला असता.

येशूनेही किंमत लपवली नव्हती. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो एका राजाचं उदाहरण देतो. समोरून वीस हजारांची फौज येत असताना आपल्या दहा हजारांनिशी टिकाव लागेल का, याचा विचार राजा आधी बसून करतो. माझ्यामागे यायचं तर असाच हिशेब आधी करा, असा त्याचा रोख आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस स्वतःहून धावत आला होता, तयार होता. येशूने त्याला सगळं विकून गरिबांना द्यायला सांगितलं आणि तो खिन्न होऊन परत गेला. येशूने त्याला थांबवलं नाही, अट कमी केली नाही. आजच्या पद्धतीने मोजलं तर हातात आलेला माणूस गेला. कृष्ण पालनेही किंमत मोजली. बाप्तिस्म्याआधी तो मिशनऱ्यांबरोबर जेवला, जात मोडली, आणि जमावाने त्याला डॅनिश मॅजिस्ट्रेटसमोर ओढत नेलं. जर्मनीत हिटलरच्या काळात बॉनहोफर या पाद्र्याने १९३७ साली स्वस्त कृपेवर टीका करणारं पुस्तक लिहिलं. १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं गेलं.

हे सगळं मला पुस्तकी वाटत नाही, त्याला कारण आहे. माझ्या कंपनीतला एक जवान गेला, तेव्हा तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी घेऊन मी त्याच्या डोंगरातल्या गावी गेलो. परतताना त्याचा जोडीदार, वय जेमतेम बावीस, मला म्हणाला, "साब, परची में तो लिखा था कि सब ठीक हो जाएगा।" कुठल्याशा सभेत मिळालेलं ते पत्रक त्याच्या पाकिटात होतं, प्रार्थनेखाली त्याची सही होती. मी गाडीत त्याच्याशेजारी बसून राहिलो.

त्याच गावातल्या म्हाताऱ्या पाळकाने कबरीपाशी अर्धा तास सांगितलेलं मला नंतर सुभेदार साहेबांनी समजावून दिलं. त्याने लाजराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली होती. निरोप मिळूनही येशू दोन दिवस उशिरा निघाला, आधी आला असतास तर माझा भाऊ गेला नसता असं मार्थेने त्याला तोंडावर सुनावलं, आणि लाजराला आपण उठवणार हे माहीत असूनही येशू रडला. पाळकाने त्या आईला सब ठीक हो जाएगा असं सांगितलं नाही. तिच्यासारखीच तक्रार करणारी एक बाई त्यांच्या ग्रंथात आहे, आणि देव तिच्याशेजारी रडतो, हे सांगितलं. मग पुनरुत्थानाचं सांगितलं. पत्रकातला शेवट आणि पाळकाने सांगितलेला शेवट एकच असेल. पण मधलं रडणं वगळलं की शेवट पोकळ होतो. कबरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला तो पोकळपणा लगेच कळतो.

म्हणून माझं मत असं. चार मुद्द्यांचं पत्रक खोटं नसतं. त्यातलं प्रत्येक वाक्य ख्रिस्ती ग्रंथात सापडेल. पण ते पुढचं सांगायला कुणी सोबत नसताना वाटलं, तर सुवार्ता सांगून झाली असं म्हणता येणार नाही. ज्यांनी चार नियम छापले त्याच संस्थेने १९७९ मध्ये लूकच्या शुभवर्तमानावर दोन तासांचा चित्रपट काढला आणि तो शेकडो भाषांत नेला. पूर्ण गोष्ट सांगावी लागते, हे त्यांनाही ठाऊक असणार.

माझ्या निवृत्त मित्रांना हे आपल्या घरातही लागू करता येईल. सकाळी मोबाइलवर येणारा गीतासार आणि दोन ओळींचे तुकोबा यांचंही तेच आहे. आपल्याकडे कुणी धर्माचं पत्रक घेऊन आला तर रागावू नका आणि सहीही करू नका. त्याला बसवा, चहा द्या आणि विचारा, पहिल्यापासून सांग, आणि मला यात काय सोडावं लागेल तेही सांग. तो बसला, तर तो त्याच्या ग्रंथाशी प्रामाणिक आहे. घड्याळाकडे पाहू लागला, तर चहा संपवून त्याला निरोप द्या.

जय हिंद.