विनाचालक मोटार आणि आपली उसाची ट्रॉली

ड्रायव्हरशिवाय धावणारी मोटार अमेरिकेत काही शहरांतून भाड्याने फिरू लागली आहे. आपल्याकडे ती कधी येणार, असे परवा गावच्या बैठकीत एका तरुणाने विचारले. ड्रायव्हरांचा रोजगार जाईल म्हणून अशी गाडी येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ सालीच सांगितले आहे. पण मी म्हणतो, ती आली तरी ऐन गळीत हंगामात कराड-तासगाव रस्त्यावर चालेल का?

ही गाडी कॅमेरा, रडार आणि लेसरच्या किरणांनी पुढचे बघते. आधी दाखवलेल्या लाखो चित्रांशी ताडून समोर काय आहे ते ठरवते. ओळखीबाहेरचे काही आले की गोंधळ. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात उड्या मारणाऱ्या कांगारूचे अंतरच व्होल्वोच्या यंत्राला कळेना. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी येथे रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई उबरच्या चाचणी-गाडीखाली सापडून मेली. यंत्राला ती घडीत वाहन वाटे, घडीत सायकल. ठरेपर्यंत वेळ गेली. आत माणूस बसवला होता, पण त्याचे लक्ष रस्त्यावर नव्हते.

आता आपला रस्ता बघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही. पुढे बैलगाड्यांची रांग, कडेला वाळत घातलेले सोयाबीन आणि रातोरात उठलेला बिनपट्ट्यांचा स्पीडब्रेकर.

यंत्राचे सोडा, माणसाला तरी हे दिसते का? गेल्या हंगामात रात्री विट्याहून येताना समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला. तो सरला तेव्हा पंक्चर झालेली ट्रॉली दहा हातांवर उभी. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, नुसते चार दगड. मोटारसायकल साइडपट्टीवर घातली म्हणून आज हे लिहितोय.

तेव्हा कारखान्यात मोळी पडण्याआधी एवढे कराच. ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून लाल रिफ्लेक्टर लावा. एका फवारणीएवढाही खर्च नाही. ऊस बाहेर काढू नका. ट्रॉली बंद पडली तर मागे लांबवर खूण ठेवा आणि निघताना दगड उचला. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी ग्रामसभेत विषय घ्यावा, स्पीडब्रेकरवर पांढरे पट्टे मारून घ्यावेत.

विनाचालक गाडी येईल तेव्हा येईल. आज रात्री त्या रस्त्याने तुमचाच पोरगा घरी यायचा आहे.