उसना निबंध

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गाच्या इंग्रजी निबंधाच्या उत्तरपत्रिका तपासावयास घेतल्या. विषय होता पावसाळ्यांतील एक दिवस. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचा पाऊस एकाच वाक्यानें सुरू झाला, आणि तें वाक्य बाजारांतील एका गाईडांतलें होतें! २०१९ च्या महापुरांत कृष्णाकांठीं ज्याचें घर बुडालें, त्या मुलानेंही तेंच वाक्य लिहिलें होतें.

आमचे व्यवसायबंधु म्हणतात, "परकी भाषा, मुलांनीं पाठ न करावें तर काय करावें? निदान चुका तरी होत नाहींत." ह्या समाधानासच आमचा आक्षेप आहे. माँतेननें १५८० सालीं आपल्या लेखांस जें नांव दिलें, त्याचा अर्थच मुळीं 'प्रयत्न' असा आहे. दुसऱ्याचा प्रयत्न घोकला म्हणजे निबंध होत नाहीं.

दोष मुलांचा नव्हे, आमच्या तांबड्या शाईचा आहे. मराठींत आर्टिकल नाहीं, क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटीं येतें. तेव्हां ह्या चुका होणारच. प्रत्येक चुकीस गुण कापले जातात हें कळल्यावर शहाणा मुलगा स्वतःचें वाक्य लिहीलच कशाला? जॉन ट्रस्कॉट ह्यांनीं १९९६ सालीं व्याकरणाची असली दुरुस्ती निरर्थकच नव्हे तर घातक आहे, असें प्रतिपादिलें. डेना फेरिस ह्यांनीं १९९९ सालीं त्यांस विरोध केला. दुरुस्ती मुळींच नको, असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु पहिल्या खर्ड्यावर फक्त आशयाविषयीं प्रश्न विचारावे. दुसऱ्यावर दोनतीन प्रकारच्याच चुका दाखवाव्या. वेळ नाहीं म्हणतां? मग वीस निबंध घोकून घेण्याऐवजीं चारच लिहवून घ्या.

"मराठींत विचार केला कीं इंग्रजी बिघडतें," ही भीतीही पोकळ होय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं मेकॉले व जॉन्सन वाचले, आणि १८७४ सालीं 'निबंधमाला' काढली ती मराठींत. युक्तिवादाची शिस्त तेव्हां इंग्रजींतून मराठींत येऊं शकली. मग आज ती मराठींतून इंग्रजींत कां जाऊं नये?

आतां तर क्षणार्धांत निर्दोष निबंध रचणारीं यंत्रें घरोघर आलीं आहेत. निर्दोषपणा हेंच ध्येय असेल, तर मुलांनीं लिहिण्याची गरजच काय उरली?

त्या मुलास आम्हीं बोलावून मराठींत विचारलें, "त्या रात्रीं काय झालें, बाळ?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आईनं आधी माझं दप्तर माळ्यावर ठेवलं, मग देव." हेंच इंग्रजींत लिहून आण, असें सांगितलें. त्यानें आणलेल्या अर्ध्या पानांत नऊ चुका होत्या. त्या वर्षींचा तेवढाच एक निबंध आमच्या स्मरणांत राहिला आहे.