एका गाण्याचे धनी

गेल्या महिन्यात नातू अमेरिकेहून आला होता. पंधरा दिवस राहिला, पिठलं-भाकरी खाल्ली, माळा आवरून दिला आणि जाताना माझ्या डोक्यात एक भुंगा सोडून गेला. तो भुंगा इथे उतरवल्याशिवाय मला स्वस्थ झोप लागायची नाही. विषय वाचून काही जण हसतील. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, उभा जन्म वृत्तं आणि समास शिकवण्यात घालवलेल्या सत्तरीपलीकडच्या बाईने रॅपबद्दल लिहावं म्हणजे काय! हसा. पण पुढे वाचा.

याची सुरुवात २००९ सालची. त्या वर्षी मी निवृत्त झाले आणि लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहिले. नातू तेव्हा चौदा वर्षांचा. त्याचा फोन वाजला की एकच गाणं वाजायचं, दिवसातून पंचवीस वेळा. शेवटी पोळ्या लाटताना मी स्वतःच ते गुणगुणायला लागले, आणि जावयांनी ऐकल्यावर घरभर हसू झालं. गाणं होतं 'राइट राउंड', गाणारा फ्लो रायडा. (हे नाव म्हणजे फ्लोरिडा या त्याच्या राज्याच्या नावाचे दोन तुकडे. आमच्याकडे कुणी स्वतःला 'महा राष्ट्र' म्हणवून घेतल्यासारखं!)

मी नातवाला सहज म्हटलं, "एवढं आवडतं तर त्याची पूर्ण सीडी का नाही आणलीस?" तो म्हणाला, "अगं आजी, त्याची सीडी कोण घेतं?" त्याच्या कपाटात सीड्या होत्या, वीस-बावीस तरी. कान्ये वेस्टच्या होत्या, लिल वेनची होती, एमिनेमच्या होत्या. ज्याचं गाणं दिवसभर वाजतं त्याचीच नव्हती.

तेव्हा मी विषय सोडून दिला. यंदा माळ्यावर चढल्यावर त्यानेच तो पुन्हा काढला. का, ते पुढे सांगते.

आकडे बघा. 'राइट राउंड' २००९च्या फेब्रुवारीत आलं आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ६ लाख ३६ हजार लोकांनी ते पैसे देऊन उतरवून घेतलं. तोवरचा विक्रम होता तो. त्यानंतर काही आठवड्यांनी ते गाणं असलेला अल्बम दुकानात आला. तो पहिल्या आठवड्यात खपला सुमारे ५५ हजार. म्हणजे गाण्यासाठी डॉलर टाकणारे बारा, तर अल्बम घेणारा एक. आणि हा काही नवशिका नव्हता. आदल्याच वर्षी त्याचं 'लो' नावाचं गाणं दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

तो एकटाही नव्हता. २००६च्या जानेवारीत डी-फोर-एल नावाच्या अटलांटाच्या पोरांचं 'लॅफी टॅफी' पहिल्या क्रमांकावर गेलं. २००७मध्ये मिम्स नावाच्या न्यूयॉर्कच्या रॅपरचं एक गाणं तसंच गेलं. त्यांचे पुढचे अल्बम आज किती जणांना आठवतात? त्या काळाला तिकडे 'रिंगटोन रॅप'चा काळ म्हणत. गंमत अशी, की पूर्ण गाणं ९९ सेंटना मिळत होतं आणि त्याच गाण्याच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला, फोनवर वाजवायचा म्हणून, लोक दोन-तीन डॉलर मोजत होते. माझ्या आईने हा हिशेब ऐकला असता तर कपाळावर हात मारला असता.

याचं कारण विचारलं की सगळे एकच सांगतात. २००३मध्ये ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं, एकेक गाणं सुटं मिळायला लागलं, मग एका गाण्यासाठी पंधरा डॉलरची सीडी कोण घेईल? पूर्वी नाइलाज होता, आता राहिला नाही. हे खरंच आहे. त्या नाइलाजाचा धंदा कसा चालायचा याचं उदाहरण तर फार मजेदार आहे. १९९०मध्ये एम. सी. हॅमरचं एक गाणं जगभर गाजलं, तेच, ज्यावर फुगीर पायांची विजार घालून तो नाचायचा. त्याच्या कंपनीने अमेरिकेत त्या गाण्याची सुटी कॅसेट काढलीच नाही, नुसती १२ इंची तबकडी काढली. बहुतेकांच्या घरी तोवर कॅसेटच वाजत होती. मग गाणं हवं तर अख्खा अल्बम घ्या! तो अल्बम एकूण २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला. त्याच वर्षी व्हॅनिला आइसचं 'आइस आइस बेबी' हे बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिलं आलेलं पहिलं रॅप गाणं ठरलं. त्याच्या कंपनीने तर सुटी कॅसेट दुकानांतून मागेच घेतली. अल्बम सत्तर लाखांवर गेला. (आपल्याकडे १९९२मध्ये बाबा सेहगलने त्याच चालीवर 'ठंडा ठंडा पानी' केलं. आमच्या शाळेच्या सहलीत एसटीच्या मागच्या बाकांवरून ते इतक्यांदा ऐकलंय की मला ते गाणं म्हणजे महाबळेश्वरचा घाटच आठवतो.)

चार वर्षांनी व्हॅनिला आइसचा पुढचा स्टुडिओ अल्बम आला, त्याला कुणी विचारलं नाही. म्हणजे सत्तर लाख घरांत त्याची कॅसेट होती, पण त्या घरांत तो नव्हता. घरात होतं ते फक्त गाणं.

इथेच मला ते नेहमीचं उत्तर अपुरं वाटायला लागतं. सुट्या गाण्यांनी अल्बम मारला म्हणता, तर मग त्याच वर्षांत काहींचे अल्बम ट्रक भरभरून कसे गेले? २००७च्या सप्टेंबरात एकाच दिवशी कान्ये वेस्ट आणि फिफ्टी सेंट यांचे अल्बम आले. पहिल्या आठवड्यात एकाचे साडेनऊ लाखांच्या वर गेले, दुसऱ्याचे जवळपास सात लाख. २००८च्या जूनमध्ये लिल वेनचा अल्बम एका आठवड्यात दहा लाखांच्या वर खपला. 'लो' गाजलं तेच हे वर्ष, आयट्यून्सही तेच, गिऱ्हाईकही तेच. माझ्या नातवासारखी पोरंच ना ती!

आणि लिल वेनने त्याआधीची दोन-तीन वर्षं काय केलं होतं? मिक्सटेप म्हणतात त्या, फुकट वाटल्या होत्या. एकामागून एक. धंदेवाईक माणूस म्हणेल, फुकट दिलं तर विकत कोण घेईल? पण झालं उलटंच. पोरांना त्याचा आवाज, त्याची चेष्टा, त्याचं भलतीकडे घसरणं या सगळ्याची सवय झाली. दहा लाख लोकांनी विकत घेतला तो ओळखीचा माणूस.

आता फ्लो रायडाची गाणी त्या नजरेने बघा. 'लो'मधला सगळ्यांच्या तोंडी असलेला तुकडा टी-पेनने गायलेला. 'राइट राउंड'चा ध्रुवपदाचा भाग डेड ऑर अलाइव्ह या इंग्लिश बँडच्या १९८५ साली गाजलेल्या गाण्यावरून घेतलेला, आणि त्यात बाईचा आवाज आहे तो केशाचा, तोही नाव न देता. २०११चं 'गुड फीलिंग' तर १९६२मधल्या एटा जेम्सच्या आवाजावर उभं. 'वाइल्ड वन्स'मध्ये सिया. गाण्यातला जो भाग आपण गुणगुणतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा! हा माणूस अतिशय चोख काम करतो, तालाला पक्का, दोन ध्रुवपदांमधली जागा भरून काढतो. लग्नाच्या घरातला उत्तम आचारी म्हणा. जेवण झकास होतं, पण जेवणारा नाव काढतो ते यजमानांचं.

त्याचं काही बिघडलं असं मात्र मला म्हणायचं नाही. कार्यक्रमांना तो जगभर जातो, आणि २०२३च्या जानेवारीत एका पेय कंपनीविरुद्धच्या दाव्यात ज्यूरीने त्याला आठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊ केली. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनवाल्यांनी त्याची कीव करणं हास्यास्पदच ठरेल.

आता माळ्याकडे येते.

१९८३-८४च्या सुमारास स्नेहसंमेलनासाठी मी मुलांना एक कविता करून दिली होती. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या एसटीची, कंडक्टर, म्हातारी, कोंबड्या वगैरे. ठेका असा होता की पोरं बाकं बडवून म्हणायची. ती शेजारच्या शाळेत गेली, तिथून तालुक्यात, मग जिल्ह्यात. एका आंतरशालेय स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. दुसरीतल्या एका मुलीने ती कविता इतकी गोड म्हटली की सभागृह डुलायला लागलं. निवेदकाने सांगितलं, "कवी अज्ञात." मी पहिल्या रांगेत बसले होते. मुलीला पहिला क्रमांक दिला आणि चहा पिऊन घरी आले. मैत्रीण म्हणाली, "अगं, सांगायचंस की!" पण काय सांगणार? की उभी राहून 'अज्ञात मीच' म्हणणार?

त्या रुखरुखीतून १९८७मध्ये संग्रह काढला. पदरचे पैसे घातले, पाचशे प्रती. मला खात्री होती, जी कविता जिल्ह्याला पाठ आहे ती ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक जाईलच. माझ्याकडे बावीस कविता होत्या. छापखान्याचे मालक म्हणाले, "बाई, सोळा पानांचा एक फॉर्म. चार फॉर्म तरी करा, नाहीतर पुस्तक हातात पत्रकासारखं लागेल." मग दिवाळीच्या सुट्टीत, फराळाचं करता करता, मी बाकीच्या कविता लिहून काढल्या. एकवीस दिवसांत वीसेक कविता! अल्बममध्ये भरतीची गाणी असतात अशी तक्रार रॅपच्या रसिकांकडून ऐकली की मला त्या सुट्टीतला करंज्यांचा वास येतो.

सव्वाशे प्रती गेल्या असतील, त्यातल्या बऱ्याच भेट म्हणून. लोक भेटत, कवितेची स्तुती करत आणि म्हणत, "ती तर आम्हाला पाठच आहे हो." त्यात वाईट हेतू नव्हता. पाठ आहे तर पुस्तक कशाला? माझ्याबद्दल त्यांना आणखी काही जाणून घ्यायचं नव्हतं, आणि खरं बोलायचं तर मी त्या कवितेत होतेच कुठे? एसटी होती, कोंबड्या होत्या. कुणीही लिहावी अशी ती होती, आणि म्हणूनच कुणाचीही झाली.

नातवाला माळ्यावर सापडले ते हे गठ्ठे. सुतळीत बांधलेले, वाळवीने दोन खाल्लेले. तो खाली उतरला आणि हसत म्हणाला, "आजी, तू फ्लो रायडा आहेस!"

त्यानंतर आमचं रात्री दोनपर्यंत बोलणं झालं. त्याने मला केंड्रिक लमारचा २०१२चा अल्बम ऐकवला, 'गुड किड, मॅड सिटी'. शब्द छापून आणले होते माझ्यासाठी, आणि चष्मा लावून मी धड्यासारखे वाचले. शिव्या भरपूर आहेत, तिथे मी डोळे पुढे सरकवले. पण गोष्ट आहे हो त्यात! कॉम्प्टन नावाच्या गावातला एक पोरगा आईची गाडी घेऊन बाहेर पडतो, आणि मधेमधे आईचे फोनवरचे निरोप येतात, गाडी परत आण म्हणून. ती आई मला लगेच कळली. नातवाने सांगितलं की या अल्बममधलं एकही गाणं बिलबोर्डच्या पहिल्या दहात गेलं नव्हतं, आणि तरी अल्बम दहा वर्षांहून जास्त काळ त्यांच्या दोनशेच्या यादीत टिकून राहिला. याच माणसाला पुढे २०१८मध्ये दुसऱ्या अल्बमसाठी पुलित्झर मिळालं. त्यातलं एखादं गाणं सुटं घेणं म्हणजे कादंबरीचं सातवं प्रकरण विकत आणण्यासारखं आहे. आई गाडीची वाट बघतेय आणि आपण मधेच उठून कसं जायचं?

आजच्या हिशेबाने हा प्रश्न जरा बुजलाच आहे. २०१४च्या अखेरीपासून बिलबोर्डने गाणी ऐकलेलीही अल्बमच्या खात्यात धरायला सुरुवात केली, तेव्हा दीड हजार वेळा ऐकलं की एक अल्बम खपला असं मानत. मग एकच गाणं लोकांनी लाखो वेळा ऐकलं तरी अल्बम वर चढतो. शिवाय जितकी गाणी जास्त तितकं ऐकणं जास्त, म्हणून पंचवीस-पंचवीस गाण्यांचे अल्बम निघाले. २०१८मध्ये ड्रेकने काढला तसा. आमचे छापखानेवाले मालक तिकडे असते तर खूश झाले असते. पण यादीत वर चढलेल्या आकड्यावरून माणूस ऐकला गेला की नुसतं गाणं, हे आता कुणाला सांगता येईल?

माझं मत मी नातवाला सांगितलं: ज्याच्याबद्दल आपल्याला 'पुढे काय झालं' असं वाटतं त्याचाच अल्बम आपण घेतो. गाणं कितीही गोड असलं तरी ते संपल्यावर मागे कुणी उभं दिसलं नाही, तर आपण निघून जातो. तो म्हणाला, पटतंय, पण थोडं क्रूर आहे. म्हटलं, असेल.

जाताना त्याने संग्रहाची एक प्रत बॅगेत टाकली. त्याचं मराठी वाचन सावकाश चालतं, बोट ठेवून. परवा फोन आला. म्हणाला, एसटीची कविता ठीक आहे, पण ४१व्या पानावरची दोनदा वाचली, मग आईला मोठ्याने वाचून दाखवली आणि ती उठून आत गेली. मी विचारलं कुठली रे, कारण मलाच आठवेना. पुस्तक काढून बघितलं. माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची, त्या हाताने चाचपून करंज्या मोजायच्या त्याची.

ती त्या सुट्टीतलीच आहे. फॉर्म भरावा म्हणून लिहिलेली.