वाटाण्याचे सूप आणि गाळणीतला चोथा

'पोटाज सँ-जर्मँ' हे ताज्या हिरव्या वाटाण्यांचे फ्रेंच सूप. पॅरिसजवळच्या सँ-जर्मँ-आँ-लेवरून हे नाव पडले असे बहुतेक मानतात. चौदाव्या लुईचा जन्म तिथलाच. त्याच्या दरबारात कोवळ्या वाटाण्यांचे वेड इतके, की राजाकडे भरपेट जेवून आलेल्या बायकाही अपचनाची पर्वा न करता निजण्याआधी पुन्हा वाटाणे खात, असे मादाम द मँतनों यांनी १६९६ साली पत्रात लिहून ठेवले आहे.

दोष वाटाण्याचा नव्हे. १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत सुमारे ८० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिने आणि तेवढाच तंतू असतो. पण अभिजात कृतीत लेट्यूस, कांद्याच्या जातीची लीक आणि वाटाणे शिजवून चाळणीतून घासून काढतात. साले वर राहतात, तंतूचा मोठा वाटा कचऱ्यात जातो आणि त्या जागी लोणी व क्रीम येते. लोण्याचा एकच मोठा चमचा सुमारे १०० कॅलरींचा! तरीही 'रात्री फक्त सूप' घेणाऱ्याला आपण हलके जेवलो असे वाटते.

दात नसलेले वृद्ध, जबड्याची शस्त्रक्रिया झालेले किंवा गिळायला त्रास होणारे रुग्ण यांना मात्र हे गाळलेले, क्रीम घातलेले सूपच योग्य. त्यांना थोड्या घासांत जास्त ऊर्जा हवी असते. मधुमेहींचे गणित उलटे. मिक्सरमध्ये दाण्याच्या पेशींच्या भिंती फुटतात आणि आतला स्टार्च लवकर पचतो. त्यांनी सूप गाळू नये, मूठभर अख्खे दाणे वरून घालावेत आणि सोबतचा पाव मोजून खावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि तो हिरवा रंग! फार वेळ शिजवले की भाजीतल्या आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि सूप मातकट दिसते. त्यावर चिमूटभर सोडा घालण्याची युक्ती सर्रास चालते. रंग टिकतो, पण ब१ आणि क जीवनसत्त्वे नष्ट होतात. डोळ्यांना बरे वाटावे म्हणून हा सौदा महागच. त्यापेक्षा उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, चार-पाच मिनिटेच शिजवावे; आम्ल वाफेबरोबर काही प्रमाणात उडून जाते.

तोडल्यावर दाण्यातली साखर भराभर स्टार्चमध्ये बदलते. त्यामुळे बाजारात दोन दिवस पडलेल्या शेंगांपेक्षा गोठवलेले वाटाणे या सुपाला अनेकदा अधिक गोड लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.