अनुदान मंजूर, पण पैसा हातात कधी? गावांच्या हवामान प्रकल्पांचं गणित नेमकं कुठे अडतं?

अनुदान मंजूर झाल्याचा मेसेज आला की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. कारण बहुतेक योजनांचा नियम एकच असतो: आधी खिशातून खर्च करा, बिलं अपलोड करा, तपासणी होऊ द्या, मग खात्यात पैसे येतील. दुष्काळाशी झुंजणाऱ्या गावांसाठी आखलेल्या योजनेत हा नियम कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो?

पैसा येतो कुठून?

राज्यातलं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच 'पोकरा'. २०१८ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि खान्देशातल्या १५ जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावांसाठी तो सुरू झाला. एकूण खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये. त्यातला ७० टक्के वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा, ३० टक्के राज्याचा. कर्ज राज्य फेडणार, गावाला मात्र ते अनुदान म्हणून मिळतं. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतील सात हजारांहून अधिक गावं आहेत.

गावाचा सहभाग किती?

कागदावर बराच आहे. प्रत्येक गावात प्रकल्पासाठी एक ग्राम समिती असते. पाऊस किती पडतो, पिकांना पाणी किती लागतं, तूट किती, असा पाण्याचा ताळेबंद मांडून गावाचा आराखडा होतो. ठिबक, शेततळं अशा वैयक्तिक कामांसोबत शेतकरी गटांना अवजार बँक, गोदाम यांसाठीही मदत मिळते.

मग अडतं कुठे?

एक सोपं गणित करू. समजा, महिलांच्या एका गटाने १० लाखांची अवजार बँक ठरवली आणि अनुदान ६० टक्के आहे. म्हणजे गटाचा वाटा ४ लाख. प्रत्यक्षात मात्र सुरुवातीला पूर्ण १० लाख उभे करावे लागतात. अनुदानाचे ६ लाख यायला सहा महिने लागले आणि तेवढी रक्कम वर्षाला १२ टक्के व्याजाने घेतली असेल, तर ३६ हजार रुपये नुसत्या व्याजात जातात. ते कोणत्याही अंदाजपत्रकात नसतात. ज्यांच्याकडे सातबारा, बँकेत पत किंवा ओळखीचा दुकानदार आहे, ते निभावून नेतात. ज्यांच्याकडे यातलं काही नाही, ते अर्जच करत नाहीत.

हा नियम आहे तरी कशासाठी?

त्यामागे कारण आहे. पैसे उचलून काम न करणं, एकच शेततळं दोनदा दाखवणं असे प्रकार गावागावांत लोकांनी पाहिलेत. थेट खात्यात पैसे आणि जागेच्या नोंदीसह फोटो यामुळे मधले दलाल कमी होतात. त्यामुळे तपासणी हवीच. प्रश्न इतकाच आहे की विश्वासाची सगळी किंमत गरिबानेच आधी का मोजायची?

दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो महाराष्ट्रातच वापरला गेलाय. १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात जर्मनीचा निधी नाबार्डमार्फत आला. गावाला एकदम मोठी रक्कम मिळत नसे. आधी छोट्या क्षेत्रावर काम आणि प्रशिक्षण. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गाव पाळतं का, हे पाहिलं जाई. ते जमलं की पुढचा निधी. म्हणजे गावाने पत सिद्ध करायची ती कामातून, खिशातल्या पैशातून नाही.

जगभरातही प्रश्न हाच आहे. लंडनच्या 'आयआयईडी' या संस्थेच्या अंदाजानुसार २००३ ते २०१६ या काळात हवामान निधींमधला १० टक्क्यांहून कमी पैसा स्थानिक पातळीवरच्या कामांसाठी होता.

काय बदलायला हवं?

आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, अल्पभूधारक आणि महिला गटांना मंजुरीसोबतच पहिला हप्ता मिळावा आणि पुढचे हप्ते तपासणीनंतर. दुसरी, तपासणीनंतर किती दिवसांत पैसे देणार याची मुदत ठरावी. ती उलटली तर व्याज योजनेने भरावं. तिसरी, देखभालीसाठी वेगळी रक्कम असावी. गाळ न काढलेला बंधारा चार पावसाळ्यांनी फक्त फोटोत उरतो.

तुम्ही काय करू शकता?

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या गावाचा आराखडा कुठे पाहायला मिळेल? किती अर्ज मंजूर झाले आणि त्यातल्या किती जणांच्या खात्यात पैसे आले? ज्यांनी मंजुरीनंतरही काम सुरू केलं नाही, ते का थांबले?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पोर्टलवर सापडणार नाही. ते त्या घरी जाऊनच विचारावं लागेल.