जुन्या दुचाकीचा ‘कॅफे रेसर’ आणि कायद्यातील बंद दार

ज्या गाडीवरून वडिलांनी पंधरा-वीस वर्षे कचेरी गाठली, आठवड्याचा बाजार आणला आणि मुलांना शाळेत सोडले, तीच गाडी मुलाच्या हाती आली की आता वेगळेच रूप घेऊ लागली आहे. उंच हँडल जाऊन त्याजागी दोन आखूड, खाली झुकलेल्या दांड्या येतात. लांब सीटच्या जागी एकट्यापुरती, मागे कुबड असलेली सीट बसते. साडीगार्ड, मागचा मडगार्ड, जाळीचे कॅरिअर आणि बहुतेक वेळा मूळ सायलेन्सरही भंगारात जातो. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग धुंडाळणारी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर एखादा तुकडा कातून घेणारी तरुण मंडळी या रूपाला ‘कॅफे रेसर’ म्हणतात. कायदा मात्र त्याला मूळ रचनेत केलेला अनधिकृत फेरफार म्हणतो.

या छंदाचा विचार आता करण्याचे कारण म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये घडलेल्या दोन घटना. ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीने बजाज ऑटोच्या भागीदारीतून ‘थ्रक्स्टन ४००’ ही तयार कॅफे रेसर भारतीय बाजारात आणली. या मालिकेतील गाड्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होतात. थ्रक्स्टनची किंमत पावणेतीन लाखांच्या घरात ठेवण्यात आली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या दुचाकींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एक हजारावरून दोन हजार रुपयांवर नेले. म्हणजे एकीकडे हे रूप कंपनीच्या दालनात राजमान्य झाले, तर दुसरीकडे ज्या जुन्या गाडीतून ते घडवले जाते ती रस्त्यावर ठेवणे महाग झाले. रूप एकच असताना दालनातील गाडी कायदेशीर आणि गॅरेजमधील गाडी गुन्हा, हा फरक कशामुळे पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

हे रूप मुळात गॅरेजमध्येच जन्मले. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील ‘एस कॅफे’ १९३८ मध्ये सुरू झाला. युद्धात बॉम्बहल्ल्याने उद्ध्वस्त झालेली त्याची इमारत १९४९ मध्ये पुन्हा उभी राहिली. पन्नास-साठच्या दशकांत कामगार वस्त्यांतील तरुण आपल्या मोटारसायकली घेऊन तेथे जमत. गाडीने ताशी शंभर मैलांचा वेग गाठावा, हे त्यांचे स्वप्न असे. त्यासाठी अनावश्यक वजन काढायचे, हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे न्यायचे, प्रसंगी नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवायचे, असे उद्योग चालत. तेथील वृत्तपत्रांनी या मुलांना उपद्रवी ठरवले. साठच्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने शिकाऊ चालकांवर २५० सीसीची मर्यादा घातली, आणि व्यापाराने त्यातूनही वाट काढली. १९६४ मध्ये रॉयल एनफिल्डने नेमक्या त्या मर्यादेत बसणारी ‘काँटिनेंटल जीटी’ ही तयार कॅफे रेसर विक्रीस आणली. काल ज्याला उपद्रव म्हटले, ते आज कारखान्याच्या सूचिपत्रात जावे, हा प्रवास तेव्हाही झाला होता. पुढे एनफिल्डचा ब्रिटनमधील कारखाना बंद पडला, नाव चेन्नईत टिकले आणि २०१३ मध्ये काँटिनेंटल जीटी तेथूनच परत आली.

भारतात या छंदाचा कच्चा माल निराळा आहे. यामाहाची आरएक्स १०० किंवा जुनी येझदी कापायला आता जाणकार धजावत नाहीत, कारण मूळ अवस्थेतील अशा गाडीला शौकिनांकडून अधिक किंमत मिळते. त्यामुळे कात्री चालते ती हिरो होंडाच्या सीडी १०० वर, स्प्लेंडरवर आणि बजाजच्या जुन्या छोट्या गाड्यांवर. त्या स्वस्त मिळतात आणि त्यांचे भाग गल्लोगल्ली उपलब्ध असतात. मुख्य म्हणजे त्या कार्ब्युरेटरच्या काळातील आहेत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर छोट्या दुचाकीतही इंधन इंजेक्शन, संवेदक आणि संगणकीय नियंत्रण आले. तेथे एक तार इकडची तिकडे झाली तरी धोक्याचा दिवा लागतो. जुनी गाडी मात्र पाना, लेथ आणि वेल्डिंग यांचे ऐकते.

अर्थात हे काम दिसते तितके सोपे नाही. हँडलच्या आखूड दांड्या पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना थेट आवळाव्या लागतात. त्या टाकीला घासू नयेत म्हणून वळण किती अंशांत थांबवायचे, हे ठरवावे लागते. फूटरेस्ट मागे गेले की गिअर आणि ब्रेकचे दांडे नव्याने करणे आले. हवेच्या फिल्टरची मूळ पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की इंजिनात हवा जास्त जाते, मिश्रण पातळ होते, प्लग पांढरा पडतो आणि इंजिन तापू लागते. मग कार्ब्युरेटरचा जेट बदलून मिश्रण पुन्हा जुळवावे लागते. अनेक गॅरेजांत ही शेवटची पायरी गाळली जाते आणि गाडी सहा महिन्यांत परत येते. एवढे करून ९७ सीसीचे इंजिन आठ अश्वशक्तीच्या आतच राहते. त्यामुळे ‘रेसर’ हा शब्द शोभेपुरता उरतो. चढावर मागची स्कूटरही सहज पुढे निघून जाते.

कायद्याची बाजू मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मूळ ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार वाहनमालकाने करू नये, असे हे कलम सांगते. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि फेरफाराला मोकळीक देणारा केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. कलमाच्या शब्दांकडे नीट पाहिले तर प्रश्न गुंतागुंतीचा आहे. प्रमाणपत्रात रंग, आसनक्षमता, वजन, इंजिन आणि चासिस क्रमांक असतात, हँडलची उंची नसते. तेव्हा हँडल बदलणे हा कलम ५२ चा भंग आहे का, यावर युक्तिवाद होऊ शकतो. परंतु एकट्यापुरती सीट बसवली की दोघांची नोंद असलेली गाडी एकाची होते आणि तफावत कागदावरच दिसते. मागचे चाक किमान निम्मे झाकणारे संरक्षण काढले, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत असलेल्या तरतुदीचाही भंग होतो. तमाम कॅफे रेसरवाल्यांच्या डोळ्यांत खुपणारे साडीगार्ड या तरतुदीतूनच आलेले आहे, आणि त्यामागचे कारण हास्यास्पद मुळीच नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने उरलीसुरली संदिग्धताही कमी केली. नव्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. हँडल, सीट, सायलेन्सर, मडगार्ड असे मोजत गेले, तर जुन्या गाडीच्या किमतीहून दंड मोठा होण्यास वेळ लागणार नाही. फारशी चर्चा न झालेला भाग पुढेच आहे. अधिनियमातील ‘डीलर’च्या व्याख्येत वाहन दुरुस्तीचा व्यवसाय करणाराही येतो, आणि नियमबाह्य फेरफार करणाऱ्या डीलरसाठी त्याच कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्याख्येचा असा अर्थ लावून कारवाई करायचे ठरले, तर कोपऱ्यावरचा मिस्त्री मोठ्या विक्रेत्याच्या रांगेत उभा राहील. प्रत्यक्षात रस्त्यावर अडवला जातो तो मालकच.

या कठोरपणाला आधार नाही, असे म्हणता येणार नाही. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, त्याचे नागरिकांनी स्वागतच केले. ८० ते १७५ सीसी दुचाकीसाठी उत्पादनाच्या टप्प्यावर आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. आतील जाळी काढलेला आखूड नळकांडा तिचा मान राखत नाही. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना गमावण्याची तरतूद आहे. चासिसचे मागचे टोक कापून वाकवलेली नळी जोडणे हा तर सर्वांत गंभीर भाग. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचे लोखंड कमकुवत झाले, तर ते दिसत नाही. ते कळते खड्ड्यात. चासिस क्रमांकाजवळ घासकाम झाले, तर गाडी चोरीची असल्याचा संशय येणेही स्वाभाविक आहे. बदल न कळवल्यास अपघातानंतर विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, हे अनेकांच्या गावीही नसते.

प्रश्न आहे तो या सर्व बदलांना एकाच मापाने मोजण्याचा. खाली आणलेले हँडल आणि कापलेली चासिस यांत धोक्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रस्त्यावर अडवणाऱ्या हवालदाराकडे दोन्हींसाठी एकच पावतीपुस्तक असते. कॅफे रेसरच्या मालकाने स्वतःहून आरटीओत जाऊन ‘हे काम केले आहे, तपासा आणि नोंद करा’ असे म्हणायचे ठरवले, तर त्यासाठी व्यवहार्य वाटच नाही. रंगबदलाची नोंद होते. अपंग चालकांसाठी गाडीत फेरफार करण्यास कायद्यात जागा आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचे स्वतंत्र क्रमांक दिले. सर्वांत बोलके उदाहरण विद्युत संचाचे आहे. पेट्रोलचे इंजिन संपूर्ण काढून त्याजागी मान्यताप्राप्त मोटर आणि बॅटरी बसवण्यास कायदा परवानगी देतो. स्प्लेंडरसाठीच्या अशा संचाची २०२१ मध्ये बरीच चर्चाही झाली. म्हणजे त्याच गाडीचे हृदय बदललेले चालते, सीट बदललेली चालत नाही.

विद्युत संचाला हे दार उघडले, कारण तेथे मान्यता संचाला मिळते. प्रमाणित संस्थेने एकदा तपासले की तोच संच शेकडो गाड्यांवर बसतो. कॅफे रेसर प्रत्येक वेळी वेगळी, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतील कारखानदारांसाठीच्या चाचण्या एका जुन्या गाडीच्या मालकाला परवडण्याचा प्रश्नच येत नाही. इतर देशांनी ही अडचण दोन प्रकारे सोडवली आहे. जर्मनीत बदललेल्या भागाला प्रमाणपत्र असते किंवा अधिकृत तपासनीस गाडी पाहून बदलाची नोंद कागदपत्रांत करतो. ब्रिटनमध्ये मोठ्या फेरफारासाठी गुणपद्धती होती. मूळ ओळख टिकवण्यास आठ गुण लागत आणि त्यात सांगाड्याचे वजन सर्वाधिक असे. तो कापला तर गाडीला स्वतंत्र तपासणीला सामोरे जावे लागे. भारताला पहिला मार्ग अधिक जवळचा आहे. हँडल, फूटरेस्ट, सीट, सायलेन्सर हे ठरावीक मॉडेलसाठीचे भाग विद्युत संचाप्रमाणे प्रमाणित केले, चासिस आणि ब्रेकला हात लावण्यास मनाई कायम ठेवली आणि एका आसनाची नोंद आरटीओने करून दिली, तर बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात. अर्थात ज्या आरटीओत साध्या नूतनीकरणासाठी हेलपाटे पडतात, तेथे आणखी एक तपासणी म्हणजे दलालांना आणखी एक कुरण, हा आक्षेप रास्तच आहे. भागाला कारखान्यातच प्रमाणपत्र मिळाले, तर निरीक्षकाच्या मर्जीला वाव कमी उरेल.

तोवर प्रत्यक्षात जे चालते ते उघड गुपित आहे. खासगी दुचाकीला पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी ‘पासिंग’साठी मोटार वाहन निरीक्षकासमोर उभे राहावे लागते. त्यामुळे मूळ हँडल, लांब सीट, साडीगार्ड आणि सायलेन्सर गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले जातात. तपासणीच्या आदल्या दिवशी ते उतरतात आणि कागदावर शिक्का पडला की पुन्हा वर जातात. चासिस कापलेल्यांना ही सोय नाही. म्हणूनच जाणता मिस्त्री कामाला हात घालण्यापूर्वी आधी आरसी बुक मागतो, नूतनीकरणाला किती वर्षे उरली आहेत ते पाहतो आणि त्यानंतरच कुठे पाना चालवायचा आणि कुठे नाही ते ठरवतो.