व्यसनावर छंदाचा उतारा

‘व्यसन’ या शब्दाची फोड मोठी उद्बोधक आहे. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘अस्’ म्हणजे फेंकणें हा धातु, यांपासून तो सिद्ध झाला. जें माणसाला त्याच्या कल्याणापासून दूर फेंकून देतें तें व्यसन, असा अर्थ आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं दिला आहे. त्यांत दारूचें किंवा गांजाचें नांव नाहीं. फेंकलें जाण्याची क्रिया तेवढी आहे. म्हणूनच आज घरोघरीं जो प्रकार चालला आहे त्याला हा शब्द लावतांना अर्थाची मुळींच ओढाताण करावी लागत नाहीं. रात्रीं जेवणें आटोपून कुटुंबांतील आठ माणसें दिवाणखान्यांत बसतात, आणि आठ तोंडांवर आठ मोबाइलांचे निरनिराळे उजेड पडलेले असतात. कोणी भांडत नाहीं, कोणी कोणाला त्रास देत नाहीं. पण प्रत्येक जण शेजारीं बसलेल्या माणसापासून शंभर कोस दूर फेंकला गेलेला असतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत व्यसनांची सविस्तर चर्चा आहे. मृगया आणि द्यूत यांपैकीं अधिक वाईट कोणतें, असा प्रश्न तेथें उपस्थित केला आहे. पिशुन नांवाच्या आचार्यांच्या मतें मृगया अधिक वाईट. कारण शिकाऱ्याला चोर, श्वापद, वणवा, वाट चुकणें आणि तहानभूक यांचें भय असतें. कौटिल्य हें मान्य करीत नाहीं. तो म्हणतो कीं, जुगारी भूक दाबून धरतो, देहाचे नैसर्गिक वेग अडवून ठेवतो आणि त्यामुळें रोग जडवून घेतो. उलट मृगयेंत व्यायाम घडतो, मेद झडतो, नेम बसतो आणि प्राण्यांचें मन ओळखतां येतें. पहांटे दोन वाजेपर्यंत अंथरुणांत मोबाइलवर खेळत बसलेला, हांका मारूनहि जेवायला न उठणारा मुलगा ज्यांनीं घरांत पाहिला आहे, त्यांना हें वर्णन जुनें वाटणार नाहीं.

मोबाइल हा आजचा फांसा आहे, असें मी म्हणतों तें अलंकार म्हणून नव्हे. फांसा प्रत्येक वेळीं मनासारखा पडता, तर खेळणारा तासाभरांत कंटाळला असता. तो कधीं पडतो, कधीं पडत नाहीं, म्हणूनच हात थांबत नाहीं. बोटानें पडदा वर सरकवावा, दहांतील नऊ गोष्टी निरर्थक निघाव्या, दहावी गमतीची निघावी, आणि तिच्या आशेनें पुन्हां बोट सरकवावें, हा तोच खेळ होय. त्यांतहि पुस्तकाला शेवटचें पान असतें, नाटकाला शेवटचा पडदा असतो. या खेळाला शेवटच नाहीं.

वैद्यांनींहि या गोष्टीची दखल घेतली आहे. १९९५ सालीं आयव्हन गोल्डबर्ग या अमेरिकन मनोवैद्यानें ‘इंटरनेटचें व्यसन’ हा रोग निव्वळ थट्टेखातर कल्पिला होता. पण पुढच्याच वर्षीं किंबर्ली यंग या विदुषीनें त्यावर गंभीर निबंध सादर केला. २०१४ सालीं बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें अशा रुग्णांसाठीं स्वतंत्र सेवा सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगसूचींत अनावर ‘गेमिंग’ला स्थान मिळालें. इंटरनेटच्या सर्वच अतिवापराला रोग म्हणावें कीं नाहीं याविषयीं वैद्यांत एकमत नाहीं. तो वाद त्यांनीं खुशाल चालवावा. गृहस्थापुढील प्रश्न इतकाच आहे कीं, मुलाला परत कसें आणावें?

बहुतेक घरांतून पहिला उपाय होतो तो मोबाइल काढून घेण्याचा. दक्षिण कोरियानें तर तसा कायदाच केला. २०११ सालापासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत इंटरनेटवरील खेळ बंद करण्यांत आले. मुलांनीं आईबापांच्या ओळखक्रमांकावर खेळण्याची युक्ति काढली, आणि २०२२ च्या आरंभीं तो कायदा रद्द झाला. याच्या उलट उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथलें आहे. तेथील गांवकऱ्यांनीं २०२२ सालीं असा नियम केला कीं, सायंकाळीं सात वाजतां भोंगा व्हावा आणि पुढें दीड तास साऱ्या गांवानें मोबाइल व टेलिव्हिजन बंद ठेवावे. या दोहोंतील भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. कोरियांत मोठ्यांनीं लहानांना मना केलें. वडगांवांत मोठ्यांनीं स्वतःलाहि मना केलें, आणि मोकळा झालेला वेळ अभ्यासाला, वाचनाला, बोलण्याला दिला. मन हें रिकामें राहत नाहीं. त्यांतून एक वस्तु काढावयाची असेल तर तिच्या जागीं दुसरी, आणि तीहि तितकीच ओढ लावणारी, ठेवावी लागते. अशी एक वस्तु आज वाचकांपुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

इंग्लंडांत डार्टमूर नांवाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. तेथें वाटाड्याचें काम करणाऱ्या जेम्स पेरट यानें १८५४ सालीं क्रॅन्मियर पूल या दुर्गम ठिकाणीं एक बाटली ठेवली. एवढ्या लांब चालत येणाऱ्यानें आपल्या नांवाचें पत्रक तींत टाकून जावें, इतकाच हेतु. त्यांतून पुढें डबे लपविण्याचा आणि शोधण्याचा छंद त्या माळावर रुजला. याच छंदाचा नवा अवतार अमेरिकेंत झाला. आकाशांत सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे जी. पी. एस. उपग्रह पृथ्वीवरील कोणत्याहि स्थळाचे अक्षांश-रेखांश सांगतात. परंतु लष्करी कारणांसाठीं सामान्य जनांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडविलेला असे, आणि शंभर मीटरांपर्यंत चूक होई. मे २००० च्या आरंभीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें हा बिघाड दूर करण्यांत आला. लगेच ३ मे रोजीं डेव्ह उल्मर या गृहस्थानें ऑरेगन संस्थानांत बीव्हरक्रीक गांवाजवळच्या रानांत एक बादली ठेवली, तींत पुस्तकें, गोफण, शेंगांच्या दाण्यांचा डबा अशा वस्तु घातल्या, आणि त्या स्थळाचे अंक जाहीर केले. एक वस्तु घ्यावी, एक ठेवावी आणि वहींत नांव लिहावें, एवढाच नियम. तीन दिवसांत दोघांनीं ती शोधून काढली. त्याच महिन्यांत या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हें नांव मिळालें. आपण त्याला ‘निधिशोध’ म्हणूं. आज जगांत असे तीस लाखांहून अधिक डबे लपविलेले आहेत. पुण्या-मुंबईच्या परिसरांतहि कांहीं आहेत.

वाचक विचारतील, “ज्या यंत्रानें मुलाला वेड लावलें तेंच पुन्हां त्याच्या हातीं द्यावयाचें काय?” होय, आणि या खेळाचें मर्म येथेंच आहे. मोबाइलमधील जी. पी. एस. उघड्या आकाशाखालीं चार-पांच मीटरांपर्यंत बरोबर असतें; दाट झाडींत किंवा उंच भिंतींशेजारीं चूक वाढते. म्हणजे यंत्र माणसाला जागेच्या जवळ नेतें आणि तेथें निरुपयोगी ठरतें. क्षणांत तें ‘तीन मीटर’ म्हणतें, क्षणांत ‘आठ मीटर’. शेवटचीं दहा पावलें माणसाला स्वतःच्या डोळ्यांनीं चालावीं लागतात. मोबाइल खिशांत टाकावा लागतो, वांकावें लागतें, दगडाखालीं, ढोलींत, कठड्यामागें पहावें लागतें. येथला दगड कोणी हलविला असेल, हें गवत दबलेलें कां, असा तर्क करावा लागतो. कौटिल्यानें मृगयेचे सांगितलेले बहुतेक गुण येथें आहेत, आणि जीवहिंसा मात्र नाहीं. जुगारी वृत्तीला जी अनिश्चिततेची गोडी लागते ती येथेंहि आहे. पण डबा सांपडला कीं खेळ संपतो, आणि वहींत आपल्या हातानें तारीख घालून सही करावी लागते. मालक असलेलें यंत्र एवढ्या काळापुरतें वाटाड्या होतें.

पुण्यांतील माझ्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं घडलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. दोन मुलगे, सुना, नातवंडें असें तें एकत्र कुटुंब. नववींतला थोरला नातू वर्षभर मोबाइलमध्यें इतका बुडाला कीं, गणितांत नापास झाला आणि आजोबांशीं बोलेनासा झाला. मोबाइल काढून घेतल्यावर त्यानें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं. त्याचा धाकटा काका कांहीं वर्षें अमेरिकेंत राहून आला होता. त्यानें आपल्या वहिनींशीं मसलत केली आणि एका रविवारीं वेताळ टेकडीवर पांच सुपारीचे डबे ठेवले. चार डब्यांचे अंक त्यानें सरळ दिले. पांचव्याच्या अक्षांशाचे शेवटचे तीन अंक आजोबांनीं भूतसंख्येंत लिहून दिले: ‘वसु, बाण, अग्नि’.

आपल्या ज्योतिषग्रंथांतून अंकांसाठीं शब्द योजण्याची ही रीत आहे. वसु आठ, मदनाचे बाण पांच, अग्नि तीन. मुलानें मोबाइलवरच अर्थ शोधला, ८५३ असा आंकडा मांडला, आणि चुलत बहिणींना घेऊन टेकडीच्या उत्तर बाजूस ऊन्हांत तासभर भटकला. डबा नाहीं. कलेच्या म्हणजे मिनिटाच्या हजाराव्या भागानें जमिनीवर दोन मीटरांहून थोडा कमी फरक पडतो. त्यामुळें तो सुमारें नऊशें मीटर भलतीकडे गेला होता. शेवटीं पायथ्याशीं बांकावर बसलेल्या आजोबांकडे तो आला आणि म्हणाला, “आजोबा, तुमचा आंकडा चुकला आहे.” आजोबा म्हणाले, “आंकडा बरोबर आहे, बाळ. तूं तो डावीकडून वाचलास. या रीतींत पहिला शब्द एकंचा, दुसरा दहंचा, तिसरा शतंचा.” मुलानें ३५८ मांडले आणि तो धांवला. डबा जुन्या खाणीच्या कडेला, एका खडकाच्या कपारींत होता. आंत आजीच्या हातची बेसनवडी आणि कोरी वही होती. त्या रात्रीं आकाशाला शून्य कां म्हणतात आणि ऋषि म्हणजे सात कां, असें तो आजोबांना विचारीत बसला. माझे स्नेही मला म्हणाले, “आठ महिन्यांत त्यानें मला विचारलेला हा पहिला प्रश्न.”

त्या मुलाचा मोबाइल सुटला, असें मी लिहिणार नाहीं. तो सुटलेला नाहीं. पण रात्रीं अकराला तो निजतो, रविवारीं टेकडीवर जातो, आणि आतां कोडीं तोच रचतो. आजोबांना एकदां त्यानें दीड तास हिंडविलें.

हा छंद घरीं सुरू करूं इच्छिणाऱ्यांसाठीं चार सूचना आवश्यक आहेत. पहिली ही कीं, जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी असल्यावांचून डबा कायमचा ठेवूं नये. घरगुती खेळांतील डबे त्याच सायंकाळीं गोळा करून आणावे. डबा जमिनींत पुरूं नये, आणि देवालय, रेल्वेस्थानक, पूल, सरकारी इमारत यांजवळ तर ठेवूंच नये. परदेशांत अशा डब्यांना बॉम्ब समजून पोलिस धांवून आल्याचे प्रसंग घडले आहेत. दुसरी, मोठ्या खेळांतील डब्यांत खाद्यपदार्थ ठेवीत नाहींत, कारण वासानें जनावरें येतात. आजीची वडी घरच्या आणि तासाभराच्या खेळापुरतीच. तिसरी, मुलांना एकटें पाठवूं नये, आणि कपारींत हात घालण्यापूर्वीं काठीनें चांचपून पाहण्याची संवय लावावी. पावसाळ्यांत तर ही संवय नसेल तर जाऊंच नये. चौथी सूचना अधिक नाजूक आहे. किती डबे शोधले याची मोजदाद करण्याचा नाद लागला कीं, हा छंदहि व्यसन होऊं शकतो. संख्या विचारूं नका. काय पाहिलें तें विचारा. आणि ज्या मुलाची झोंप, अन्न व शाळा हीं तिन्ही सुटलीं आहेत, त्याला टेकडीवर नेण्याआधीं मनाच्या वैद्याकडे न्यावें. छंद हा उतारा आहे, शस्त्रक्रिया नव्हे.

अखेर एक गोष्ट घरांतील वडील मंडळींना उद्देशून. वरच्या हकीकतींत मुलाला परत आणलें तें उपग्रहांनीं नव्हे, आणि सुपारीच्या डब्यांनींहि नव्हे. काकानें पहांटे उठून टेकडी चढली, आईनें डबे दिले, आजीनें वडी थापली, आणि आजोबा ऊन्हांत दोन तास बांकावर बसून राहिले, म्हणून तो मुलगा फिरून आला तेव्हां त्याला विचारायला कोणी तरी जागेवर होतें. एकत्र कुटुंबाचें बळ तें हेंच. तेव्हां येत्या रविवारीं मुलांच्या हातांतील मोबाइल ओढून घेण्यापूर्वीं आपल्या हातांतील खालीं ठेवावा, घरांतील एक जुना डबा घांसून पुसून घ्यावा, आणि तो कोठें लपवावा याचा विचार करीत चार पावलें घराबाहेर पडावें.